विसावं नाव

"विसावा म्हणून धैर्याचं नाव घातलासा, तर तालमीचा शर्ट मी आत्ताच्या आत्ता हितं जाळतो," नारू टेलर कट्ट्यावर उभा राहून ओरडला.

"जाळ की," मी देवळातनंच म्हटलं. "तूच शिवलायस न्हवं? काखंत उसवलेला. तसाबी कोण घालतंय."

कट्टा हसला. नारू खाली बसला, पण गप्प काही बसला नाही.

आमच्या चिंचबाग तालमीच्या भिंतीला लागूनच मरगाईचं देऊळ. देऊळ कसलं, चार माणसं आत उभी राहिली की पाचव्यानं बाहेर थांबायचं. तिची पूजा आमच्या घरात. सासू गेल्यावर ती माझ्याकडं आली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मालकांना जाऊन वर्ष झालं होतं आणि धैर्या, म्हणजे माझा एकुलता एक धैर्यशील, नुकता चालायला लागला होता. विधवा बाईनं पूजा करायची का म्हणून दोघातिघांनी कुरकुर केली. त्या तिघांच्याही घरचं काय काय मला ठाऊक होतं ते मी चौकात उभं राहून सांगितलं. पुन्हा कुणी कुरकुरलं नाही. शिक्षण माझं तिसरी. पण पेठेतला गडी मला 'शेवंताक्का' म्हणून हाक मारायच्या आधी तोंडातली तंबाखू थुंकायचा.

कट्ट्यावरचं हे भांडण तेवीस वर्षांमागचं.

बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही, पण कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमीची फुटबॉलची टीम असते. दिवाळी झाली की वीस गड्यांची यादी असोसिएशनच्या ऑफिसात द्यायची. एकदा दिली की वर्षभर तीच. त्या यादीवरनं सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी बघितलीत. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही तेच कोण कुठं खेळणार हे सांगायला पुढं. त्या वर्षी एकोणीस नावं बिनबोभाट ठरली होती. यादी दुसऱ्या दिवशी बारापर्यंत द्यायची होती आणि विसाव्या नावावर तालीम मधोमध चिरली होती. अर्ध्यांना माझा धैर्या पाहिजे होता, अर्ध्यांना वडणगे गावचा सुयोग.

"धैर्यानं तीन वर्सं डिफेन्स एकट्यानं ओढलाय," बबन रिक्षावाला म्हणाला. तो आमच्या बाजूचा.

"तीन वर्सांमागचं सांगू नगंस. माझा आज्जाबी कुस्त्या मारत हुता," नारू म्हणाला.

"सेमीफायनलला गोललायनीवरचा चेंडू डोक्यानं कुणी काढला?"

"आन् गुडघा धरून सा म्हैने घरात कोण बसलं?"

"आता बरा हाय त्यो. रोज सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतोय."

"फेऱ्या म्हाताऱ्याबी मारत्यात, काठी घेऊन. धैर्याला वळताना बघितलायस? आधी मुंडी वळतीया, मग कंबर, आन् गुडघा वळतोय दुसऱ्या दिवशी!"

सगळी पोरं फिदीफिदी हसली. मी समई घासत होते, ती आणखी जोरात घासली.

"सुयोग ईस वर्सांचा हाय," नारू हवेत हात नाचवत म्हणाला. "घोडा हाय, घोडा!"

"घोडा असंल, पर तांगा कुणाचा वढंल त्याचा नेम न्हाई," बबन म्हणाला. "औंदा आपला, फुडल्या साली त्यांचा. धैर्या ह्या पेठंत जल्मलाय."

"जल्मायला काय लागतंय? नारू टेलरबी हितंच जल्मलाय, घ्या की मग मला डिफेन्सला!"

दौलू वस्ताद इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. सत्तरीतला माणूस, तालमीत त्यांचा शब्द शेवटचा. पण त्या दिवशी त्यांनाही शब्द टाकवेना. एका बाजूला टाकला तर दुसरी बाजू तालीम सोडून जाणार हे त्यांना दिसत होतं.

"ऱ्हाऊ द्या," ते उठून म्हणाले. "अडलं म्हंजे आपल्यात काय करत्यात? देवीला इचारू. चार वाजता कौल लावायचा. दोन्ही पोरास्नी बोलवा."

मरगाईचा कौल म्हणजे आमच्या पेठेतली शेवटची पायरी. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. कुठली कळी कुणाची ते आधी सगळ्यांसमोर सांगायचं. मग हात जोडून थांबायचं. जी आधी पडंल ती देवीनं दिली. लग्नं, जागेच्या वाटण्या, तालमीचं अध्यक्षपद, सगळं त्यावर ठरलेलं. आणि सव्वीस वर्षं त्या कळ्या माझ्याच हातानं लागत होत्या. माझ्या हातच्या कौलावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला दुसरी कसली इस्टेट नव्हती. घर भाड्याचं, अंगावर फुटका मणी नाही. पण तो हात होता.

वस्ताद बोलून थांबले आणि नारू म्हणाला, "कौल लावणार कोण? त्याची आईच. मग इचारायचं कशाला? टाका की लिहून धैर्याचं नाव."

ह्या वेळेला कुणीच हसलं नाही. ते जास्त वाईट. हसले असते तर मी दोन शब्द फेकून मोकळी झाले असते. बबन, आमच्या बाजूचा बबन, तोसुद्धा खाली बघून पायातली चप्पल काढघाल करत होता. म्हणजे नारूच्या मनात आलं ते सगळ्यांच्याच मनात येऊन गेलं होतं. नारूनं फक्त तोंड उघडलं.

मी हात पुसत बाहेर आले. "नारू," मी म्हटलं, "चार वाजता फुडं येऊन हुबा ऱ्हा. देवीच्या अंगाला नाक लावून हुबा ऱ्हा. कळी कोण पाडतंय ते बघ."

"मी आपलं बोललो, आक्का…"

"बोललास ते ऐकलं."

घरी आले तर धैर्या भाकरी मोडून बसला होता. कट्ट्यावरची बातमी त्याला आधीच पोचली होती. आमच्याकडं बातमीला पाय लागत नाहीत.

"आक्का, कौल कशाला? तू वस्तादांच्या कानावर एक शब्द घाल. त्ये तुझं ऐकतील."

"तुझ्या आईनं कुणाकडं शब्द टाकल्याला बघितलायस कधी?"

"आजच्यापुरता टाक." त्यानं भाकरी तशीच ठेवली. "कारखान्याच्या टीमचे सायेब औंदा लीग बघाय येणार हैत. चालू हंगामात खेळणाऱ्यातलीच दोन पोरं घेणार. कायमची नोकरी, आक्का. अठ्ठावीसच्या आतली पायजेत. फुडल्या साली माझं वय गेलं. यादीत नाव न्हाई तर मैदान न्हाई, आन् मैदान न्हाई तर मला कोण बघणार?"

"गुडघा?"

तो उठला. आमच्या दाराला तीन उंच पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवरनं त्यानं खाली उडी मारली, त्याच पायावर. परत वर गेला, परत मारली. तिसऱ्यांदा उडी मारून तो त्याच एका पायावर गर्रकन वळला आणि माझ्याकडं तोंड करून थांबला. हलला नाही.

"बघ," तो म्हणाला. "सांग आता."

मी बघितलं. पाय दगडासारखा होता.

"देवीवर भरवसा हाय का न्हाई तुझा?" मी विचारलं.

"देवीवर हाय." मग थोडं हसून म्हणाला, "आन् तुझ्या हातावर. लोकास्नी काय म्हणायचं ते म्हणू देत. देवी देईल मला, आक्का. का कुणास ठाऊक, पर वाटतंय देईल."

त्यानं ताटातली राहिलेली भाकरी मग सगळी खाल्ली. वर आमटी मागून घेतली. गेल्या सहा महिन्यांत तो असा जेवला नव्हता.

साडेतीनला मी पुढं गेले. देवळाचं दार लोटून घेऊन देवीचं आवरलं, दिवा लावला. चार वाजता दार उघडलं तर बाहेर सगळी तालीम उभी होती. बायका माडीवरनं बघत होत्या. सुयोग एका कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. पोरगं बिचारं घाबरलेलं. त्याला ही दुसऱ्याच्या गावची देवी. धैर्या न्हाऊन आला होता. कपाळाला अंगारा, अंगात तालमीचा चार नंबरचा शर्ट.

नारूला मी हाक मारून उंबऱ्याच्या आत घेतलं.

"उजवी कळी वडणग्याच्या सुयोगची," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "डावी धैर्यशीलची. कुणाला काय म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा. मागनं तोंड उघडलं तर त्यात शेण घालीन."

कळ्या भिजवून मी लावल्या. आधी उजवी, मग डावी. मागं सरकून हात जोडले.

कधी कधी कौलाला तास जातो. उन्हाळ्यात माणसं बसून घेतात, पानं खातात. त्या दिवशी वस्तादांनी हात जोडून पुरते डोळेही मिटले नव्हते, तोवर उजवी कळी सुटली. देवीच्या पायाजवळ पडली आणि घरंगळत नारूच्या अंगठ्यापाशी येऊन थांबली.

डावी होती तिथंच होती.

नारूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो जिंकला होता, पण त्याला आनंद करायचं सुचेना. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग सगळ्यांदेखत माझ्या पायाशी वाकला. "चुकलो, आक्का," म्हणाला. "तुमच्यासारकी बाई हुणार न्हाई." बाहेरच्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, "पोटच्या पोराला बी सोडलं न्हाई बघा, ह्येला म्हनत्यात कौल." माझ्या अंगावर काटा आला होता. सुखाचा. खोटं कशाला सांगू.

मग मी धैर्याकडं बघितलं.

तो डाव्या कळीकडं बघत होता. अजून पडंल, आत्ता पडंल, असं. लहानपणी मी त्याला दाराशी थांबवून बाजारात जायचे तेव्हा बघायचा तसा. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो भानावर आला. देवीला डोकं टेकवलं. बाहेर येऊन अंगातला शर्ट काढला, नीट घडी केली आणि सुयोगच्या हातात दिला. "चार नंबर जरा जड हाय," म्हणाला. "संभाळ." पोरं टाळ्या वाजवायला लागली. तो उघड्या अंगानं घरी गेला.

सुयोगबद्दल माझी काही तक्रार नाही. चार सामने बरे खेळला, पुढल्या साली पलीकडच्या पेठेनं बोलावलं, गेला. कट्ट्यावर मग परत तेच सुरू झालं, धैर्या पाहिजे होता, धैर्या असता तर तो गोल बसला नसता. नारूच सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा. शेवटी उसासा टाकून सगळे म्हणायचे, "काय करणार, देवीनंच दिलं न्हाई." आणि गप्प व्हायचे. कारखान्यानं त्या हंगामात दोन पोरं घेतली. त्यातलं एक पोर धैर्याच्याच जागेवर खेळणारं होतं. ते आता तिथं सुपरवायझर आहे म्हणतात.

धैर्यानं बूट कुणाला तरी देऊन टाकले. वर्षभरानं इचलकरंजीला मागावर लागला. मला वाटलं, चार दिवस राग राहील. राग असता तर बरं झालं असतं. त्याला राग नव्हता. त्यानं मागणं सोडलं होतं. कागलची एक चांगली मुलगी सांगून आली, त्यानं बघायलाच नकार दिला. "माझ्या नशिबात असलं तर मला तवाच दिलं असतं देवीनं," म्हणायचा. मागांच्या शेडच्या मालकानं जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, करतो म्हटलं, तर "दुसऱ्याला करा," म्हणाला. दिवाळीला घरी यायचा, देवीला डोकं टेकवायचा, माझ्या हातचं जेवायचा, जायचा. केस पांढरे झाले. कुणावर कधी आवाज चढवला नाही. मी इतकी तोंडाळ बाई, पण त्या गप्प माणसासमोर माझं तोंड चालेना.

मागच्या साली मी सत्तरी ओलांडली आणि उठून इचलकरंजीला गेले. न कळवता. त्याची खोली शेडच्या मागं. भिंतीपलीकडं माग चालू होते, भांडी थरथरत होती. त्याला आश्चर्य वाटलं. चहा केला, बशी पुसून त्यात ओतून दिला.

"बरी हाईस न्हवं? अशी अचानक?"

"तुला एक सांगाय आलेय. मधे बोलू नगंस."

तो समोर बसला.

"कौलाच्या दिवशी मी आधी देवळात गेले हुते. मंगळवार नव्हता, तरी देवीला शेंदूर लावला. सगळ्या अंगाला न्हाई. डाव्या खांद्याला. तेलात घट्ट कालवून, बोटभर जाड. मूर्ती मुळात शेंदराचीच, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. तुझी कळी त्यात दाबून बसवली. ती पडणारच नव्हती, धैर्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नखानं खरडून काढली."

माग चालू होते. त्यानं माझ्या हातातल्या बशीकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "माझ्या गुडघ्यापायी केलंस व्हय? परत मोडंल म्हणून?"

तो मला वाट काढून देत होता. 'व्हय' म्हटलं असतं तर मिटलं असतं. कितीतरी वर्षं मी स्वतःला तेच सांगून बघितलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "गुडघा बरा हुता. तू पायरीवरनं उडी मारलीस तवाच बघितलं मी."

"मग?"

"नारू बोलला म्हणून. आईच कौल लावणार, मग पोरगाच येणार, असं बोलला. कुणी त्याला आडवलं न्हाई. मला त्यास्नी दाखवायचं हुतं."

"काय दाखवायचं हुतं?"

"मी कोण हाय ते."

त्यानं माझ्या हातातली बशी काढून घेतली. चहा त्यात तसाच होता. खिडकीतनं बाहेर ओतला, बशी धुतली, पालथी घातली. माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

"आक्का, हे तू मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं. देवीची आण, सगळं खरं…"

"आण घालू नगंस." त्याचा आवाज चढला नाही. "बावीस वर्सं मी सकाळी उठतोय आन् म्हणतोय, तिला नको हुतं. तिला नको हुतं म्हंजे त्यात कायतरी असंल. आपल्याला कळत न्हाई, तिला कळतंय. त्येच्यावर मी जेवतोय, त्येच्यावर झोपतोय. आता तू म्हणतीयास, कायसुदिक नव्हतं. नारू टेलर बोलला, एवढंच हुतं." तो वळला. "मग मी आता काय करू? पन्नाशी आली मला. कुणाकडं जाऊन मागू परत?"

"मला शिव्या घाल. मार मला."

"तुला?" तो जवळ येऊन बसला. माझा हात हातात घेतला, ताप बघावा तसा. "तू काय केलं न्हाईस. देवीच हुती ती. देवीच असू दे, आक्का."

मी आणखी बोलायला गेले. त्यानं मान हलवली. नुसती हलवली. जन्मभर मी लोकांची तोंडं बंद केली, माझं कुणी केलं नव्हतं.

संध्याकाळची गाडी होती. स्टँडवर त्यानं केळी घेऊन दिली, कंडक्टरला सांगितलं, म्हातारी एकटी हाय, रंकाळ्याला हात धरून उतरवा. मी पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात तो सगळ्या गर्दीत नमस्काराला वाकला. मी पाय मागं घेतला. त्यानं हात आणखी पुढं सरकवला, पाय धरला आणि कपाळ टेकवलं. कंडक्टर म्हणाला, "चला आज्जी, गाडी थांबलीया," पण त्यानं कपाळ लवकर उचललं नाही.